गाडगेबाबांचा झाडू आणि गीतेतला लोकसंग्रह



आपलं रोजचं गीतावाचन आज तिसऱ्या अध्यायाच्या विसाव्या श्लोकापाशी आलंय. अर्थ सोपा आहे. जनकासारख्या लोकांना कर्म करता करताच सिद्धी मिळाली, आणि लोकसंग्रहाचा विचार केला तरी अर्जुना, तुला कर्म करायलाच हवं, असं भगवंत सांगतात.

आता तीन दिवसांपूर्वी वाचलेला सतरावा श्लोक पुन्हा काढा. तिथे भगवंत म्हणाले होते की जो स्वतःमध्येच रमलाय, स्वतःमध्येच तृप्त आहे, त्याला करायचं असं काही उरतच नाही. आपल्या पिढीला हा सतरावा श्लोक फार जवळचा वाटतो. मी माझ्यात खूश आहे, मला माझी स्पेस द्या, नातेवाईक काय म्हणतील, समाज काय म्हणेल याच्याशी मला घेणंदेणं नाही. हे आपण रोज बोलतो आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. घरच्यांच्या अपेक्षा, लग्नाचे प्रश्न, भाऊबंदांचं दडपण यात माणसं खरंच गुदमरतात. पण तीनच श्लोकांनंतर भगवंत लोकसंग्रहाची गोष्ट काढतात. लोकसंग्रह म्हणजे फॉलोअर्स गोळा करणं नव्हे. लोकांना धरून ठेवणं, त्यांची वाट मोडू न देणं, असा त्याचा अर्थ.

मग यातलं धरायचं काय? स्वतःचं मन की आपली माणसं? हा प्रश्न घेऊन बसलं की मला दरवेळी गाडगेबाबा आठवतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते शाळेच्या पुस्तकातून आणि स्वच्छता अभियानाच्या पाटीवरून माहीत आहेत. हातात झाडू, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या. त्यांच्या आयुष्याकडे आज या श्लोकाच्या बाजूने बघू या.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट समाजातल्या घरातला. वडील दारूपायी गेले. डेबू तेव्हा लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. पोरगं मामाच्या घरी गुरं राखत, शेतात राबत मोठं झालं. शाळा नाहीच. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली होती. निरक्षर माणसाने अंगठे उठवायचे, पैसे भरत राहायचं आणि कर्ज काही उतरायचं नाही, असा तो प्रकार. मामा त्या धक्क्यातून सावरले नाहीत. तरुण डेबू मात्र सावकाराच्या माणसांसमोर शेतात उभा राहिला.

म्हणजे घरात दोन गोष्टींनी नुकसान केलं होतं, दारूने आणि कर्जाने. आणि गंमत अशी की या दोन्ही गोष्टी समाजाच्या रीतीतूनच घरात येत होत्या. बारसं असो की लग्न, भाऊबंदांना मटणाचं जेवण द्यायचं, दारू पाजायची, त्यासाठी ऐपत नसली तर कर्ज काढायचं. नाही केलं तर नाक कापलं जायचं.

डेबूजींचं लग्न १८९२ मध्ये कुंताबाईंशी झालं. पहिली मुलगी झाली, तिच्या बारशाला पंगत बसली. डेबूजींनी पंगतीत मटण आणि दारू ठेवलीच नाही. गोडाधोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद नाराज झाले. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण त्या काळातल्या खेड्यात, हातावर पोट असलेल्या आणि जातीच्या आधारावरच जगणाऱ्या तरुणाने हे करणं म्हणजे सगळ्यांसमोर एकटं पडणं होतं.

मंडळी, इथे थोडं थांबू या. आपल्या भाषेत सांगायचं तर ही व्यक्तिस्वातंत्र्याचीच गोष्ट आहे. एक माणूस आपल्या समाजाला नाही म्हणाला. पण तो कशासाठी नाही म्हणाला ते बघा. त्याने पंगत मोडली नाही. लोकांना घरी बोलावलं, पाट मांडले, पोटभर वाढलं. फक्त ज्या गोष्टीने त्याच्या बापाला नेलं, ती गोष्ट दुसऱ्याच्या बापाला वाढायची नाही, एवढंच त्याने ठरवलं. त्याचा नकार त्या पंगतीत बसलेल्यांच्याच भल्यासाठी होता.

मग १ फेब्रुवारी १९०५ ला, पहाटेच्या अंधारात डेबूजींनी घर सोडलं. बारा वर्षं ते फिरत राहिले. मिळेल ते खाल्लं, पडेल तिथे झोपले. मागे आई, बायको, मुलं.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी साधूंची आहे. वेगळं आहे ते पुढचं. घर सोडलेला माणूस सहसा जंगलात जातो, गुहेत जातो, गुरू शोधतो आणि मग स्वतः गुरू होतो. बाबा गावात जायचे. गावात पाऊल टाकलं की झाडू काढायचे, रस्ते झाडायचे, तुंबलेली गटारं मोकळी करायचे. काम झालं की भाकरी मागायची, ती गाडग्यात घ्यायची आणि खायची. त्या गाडग्यावरूनच त्यांना नाव पडलं. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. वऱ्हाडी बोलीत, लोकांनाच प्रश्न विचारत विचारत, हसवत, मधे मधे गोपाळाचा गजर करत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, देवाला बकरं-कोंबडं कापू नका, शिवाशिव पाळू नका, पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शाळेत घाला, हेच त्यांचं निरूपण. सकाळी लोक पाया पडायला शोधत यायचे तोवर बाबा पुढच्या गावाला गेलेले असायचे. कुणाला पायावर डोकं ठेवू द्यायचे नाहीत, कुणाला शिष्य केलं नाही.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी जत्रा भरते. नदीकाठी नुसता चिखल, लोक घसरून पडायचे. बाबांनी तिथे माती-मुरूम टाकायला सुरुवात केली आणि पुढे पक्का घाट बांधून घेतला. पंढरपूरचंही तसंच. वारीला बाबा जायचे, पण देवळात दर्शनाला जायचे नाहीत. बाहेर झाडू घेऊन असायचे. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना पंढरीत टेकायला जागा मिळत नसे. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. ती इमारत त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. नाशिक, आळंदी, मुंबई, कितीतरी ठिकाणी धर्मशाळा, सदावर्तं, शाळा उभ्या राहिल्या. लोकांनी कीर्तनात दिलेला पैसा त्यातच गेला. बाबांनी स्वतः त्यातल्या एकाही खोलीवर हक्क सांगितला नाही.

ज्ञानेश्वर माउलींनी या श्लोकांवर लिहिताना एक साधं उदाहरण दिलंय. वाटेवर आंधळा चालत असेल तर डोळस माणूसही त्याच्या बरोबरीने, त्याच्या चालीने पुढे चालतो. डोळसाला भरभर जाता येत नाही असं थोडंच आहे? पण तो एकटाच पुढे गेला तर मागच्याचं काय? बाबांचं गावोगाव फिरणं मला असंच वाटतं. ज्याला कर्माची गरज उरलेली नाही, त्यानेही इतरांसाठी कर्म करायचं, हे भगवंत दोन श्लोकांनंतर स्वतःचंच उदाहरण देऊन सांगणार आहेत. तिन्ही लोकांत मला मिळवायचं असं काही नाही, तरी मी कर्मात आहे, असा त्या बाविसाव्या श्लोकाचा भाव आहे. तो परवा वाचूच.

पण आता अवघड भाग. तो सोडून पुढे गेलो तर हे वाचन खोटं होईल. कुंताबाईंचं काय?

बाबा गेले तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सासूला आणि मुलांना घेऊन त्या राहिल्या. पुढे नवऱ्याच्या शब्दावर लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी त्या झोपडीतच राहिल्या, कारण लोकांच्या पैशाला घरच्यांनी हात लावायचा नाही हा बाबांचा दंडक होता. १९२३ मध्ये मुलगा गोविंद गेला. बाबा तेव्हा कोकणात कीर्तनात होते. बातमी कळली आणि कीर्तन चालू राहिलं. हा प्रसंग आपण नेहमी वैराग्याचा नमुना म्हणून सांगतो. मी तो वाचतो तेव्हा मला बाबांच्या आधी कुंताबाई दिसतात. त्यांच्याकडे कीर्तन नव्हतं, समोर बसलेली हजार माणसं नव्हती. त्यांचं दुःख त्यांनी कुठे ठेवलं असेल?

म्हणून समाजकार्य म्हटलं की सगळं माफ, असं मला वाटत नाही. आपण फक्त स्वतःसाठी जगायचं ठरवलं तर त्याची किंमत कुणीतरी चुकवतं, आणि समाजासाठी जगायचं ठरवलं तरी कुणीतरी चुकवतं. बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी. बाबांच्या बाबतीत मला एवढं नक्की दिसतं की त्या किमतीतून त्यांनी स्वतःसाठी काही विकत घेतलं नाही. ना घर, ना गादी, ना मठ, ना सुखाची झोप. बायको झोपडीत राहिली आणि नवरा गादीवर बसला, असं झालं नाही. दोघंही चिंध्यातच राहिले. याने कुंताबाईंवरचा भार हलका झाला असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण समाजाच्या नावावर घर टाकून स्वतःचं नाव मोठं करणाऱ्यांनी बाबांच्या झाडूमागे लपू नये, एवढं तरी म्हणता येतं.

आणि आता श्लोकात भगवंतांनी नाव कुणाचं घेतलंय ते पुन्हा बघा. जनकाचं. घरसंसार असलेला, राज्य चालवणारा माणूस. भगवंतांनी अर्जुनाला लोकसंग्रह सांगताना कुणा संन्याशाचं नाव घेतलं नाही. बाबांचा मार्ग बाबांचाच. आपल्याला घर सोडायला कुणी सांगितलेलं नाही. आपल्याला सांगितलंय ते जिथे आहोत तिथून, बरोबरच्यांना धरून चालायला.

मग आपल्या रोजच्या जगण्यात याचं काय करायचं? मला यातून एक कसोटी सापडते. समाजाला, नातेवाइकांना, सोसायटीला नाही म्हणायची वेळ आपल्यावर येते. जरूर म्हणावं. हुंडा नको, कर्ज काढून लग्न नको, जात विचारणारी सोयरीक नको. डेबूजींनीही बारशाला हेच केलं. पण नाही म्हणून झाल्यावर मी काय करतो? दार लावून घेतो की झाडू उचलतो? लग्नात खर्च नको म्हणून रजिस्टर लग्न केलं, छान. पण वाचलेल्या पैशातून गावातल्या चुलत भावाच्या शिक्षणाचं बघितलं का? सोसायटीचं राजकारण नको म्हणून मीटिंगला गेलो नाही. मग कचरा वेगळा करणाऱ्या मावशींना हातमोजे मिळतात का, हे कोण विचारणार? आपल्या नकाराने आपली फक्त सुटका झाली, की दुसऱ्या कुणाची वाटही मोकळी झाली?

बाबांचं देहावसान २० डिसेंबर १९५६ ला झालं. त्यांना अमरावतीला नेत होते आणि वाटेतच, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. आयुष्यभर रस्त्यावर राहिलेला माणूस रस्त्यावरच गेला. आजही दादरच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. लांबच्या गावाहून आलेले, मुंबईत कुणी ओळखीचं नसलेले. मिशनने ती बाबांच्या माघारी, त्यांच्याच नावाने उभी केली. आजच्या श्लोकातला लोकसंग्रह कसा दिसतो असं कुणी विचारलं, तर मी त्याला तिकडे घेऊन जाईन.

आजचा छोटा संकल्प: या आठवड्यात आपण कुणाला किंवा कशाला नाही म्हणालो ते आठवायचं, आणि त्या नकारानंतर सगळ्यांच्या उपयोगाचं एक काम, कुणी न सांगता, करायचं. फोटो काढायचा नाही, स्टेटसला ठेवायचा नाही. आणि त्या कामासाठी घरातल्या कुणाला आपली कामं ओढावी लागली, तर त्यांना आधी विचारायचं.

उद्या एकविसावा श्लोक. श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे बाकीचे वागतात, हा. वाचून या.

राम कृष्ण हरी!