आधी संस्था, मग इमारत

वसई-विरारमध्ये इमारत आधी उभी राहते, गृहनिर्माण संस्था मागाहून नोंदली जाते आणि जमिनीचे अभिहस्तांतरण पुष्कळदा रखडतेच. मुंबईत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी नेमका उलट क्रम धरला होता. गुरुस्थानी असलेल्या शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावे त्यांनी 1906 मध्ये सहकारी पतसंस्था काढली. आजची एसव्हीसी बँक ती हीच. 1904 च्या कायद्यात केवळ पतसंस्थांनाच वाव होता. 1912 च्या कायद्याने इतर संस्थांचा मार्ग मोकळा होताच तालमकी घरांच्या प्रश्नाकडे वळले. त्यांच्या प्रेरणेने 1915 मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. इमारती संस्थेच्या, सभासद तिचे भाडेकरू. मालकी सामाईक, हे तिचे मर्म. हा सहकार एका ज्ञातीपुरता राहिला, ही त्याची मर्यादा खरी; परंतु परस्परांची पत ठाऊक नसती तर त्या काळी भांडवल जमले असते, असे वाटत नाही. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची. पुढे 1963 च्या कायद्याने हस्तांतरणाची जबाबदारी बांधकाम करणाऱ्यावर टाकली. ती पुरेशी पाळली गेली नाही, म्हणून 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. गावदेवीच्या सभासदांना हा द्राविडी प्राणायाम करावा लागला नव्हता. त्यांच्या आणि घराच्या मध्ये विकासक नव्हताच.