कारकुनाचा हात पाहणारा डॉक्टर

न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि उरण तालुक्यातील कामाचे स्वरूप बदलले. मिठागरे, मासेमारी आणि भातशेतीच्या या पट्ट्यात आता अनेक जण दिवसभर संगणकासमोर बसून कंटेनरची कागदपत्रे तयार करतात. मान आखडणे, मनगट दुखणे, बोटांना मुंग्या येणे ही या कामाची दुखणी. ती नवी वाटतात. पण बैठ्या लिखाणाचे त्रास तीनशे वर्षांपूर्वी एका इटालियन डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहेत. त्यांचे नाव बर्नार्डिनो रामाझिनी.

रामाझिनी यांचा जन्म १६३३ मध्ये मोदेनाजवळच्या कार्पी येथे झाला. पार्मा येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते पुढे मोदेनात रुग्ण पाहू लागले, विद्यापीठात शिकवू लागले. एकदा त्यांच्या घरचा मैल्याचा हौद उपसणारा कामगार जिवाच्या आकांताने घाई करताना त्यांना दिसला. चौकशी केल्यावर कळले, की चार तासांहून अधिक वेळ आत राहिले तर डोळे जातात. हेच काम करून दृष्टी गमावलेले आणखी काही जण त्यांना शहरात आढळले.

त्यानंतर ते कारागिरांकडे जाऊन त्यांचे काम पाहू लागले. रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर त्याचा धंदाही विचारावा, असा आग्रह त्यांनी धरला. १७०० मध्ये त्यांचा कामगारांच्या रोगांवरचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते पादुआ विद्यापीठात प्राध्यापक झाले. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी आणखी काही व्यवसायांची भर घातली.

कारकुनांच्या दुखण्यांची त्यांनी तीन कारणे सांगितली : सतत बसणे, हाताची एकाच दिशेने होणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्याने डाव्या हाताने लिहायचा सराव केला. काही काळाने तोही हात तसाच जायबंदी झाला. हात बदलला, कामाची पद्धत मात्र तीच राहिली.

वाकून बसणाऱ्या शिंपी-चांभारांना त्यांनी निदान सुटीच्या दिवशी व्यायाम करण्याचा सल्ला दिला. उतारवयात त्यांची स्वतःची दृष्टी अधू झाली, तरी अध्यापन सुटले नाही. १७१४ मध्ये पादुआ येथे त्यांचे निधन झाले.

आज कार्यालयांत बसण्याच्या पद्धतीचे प्रशिक्षण दिले जाते, ते याच विचारातून. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणि पडदा हातभर अंतरावर असावा. कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ, पाठीला आधार आणि पावले जमिनीवर टेकलेली असावीत. लॅपटॉप उंचावर ठेवून कीबोर्ड वेगळा जोडावा. दर अर्ध्या तासाने उठून दोन-चार पावले चालावे. बोटे बधिर होत असतील, हातातली ताकद कमी वाटत असेल, तर केवळ मलम चोळत न बसता डॉक्टरांकडे जावे. आणि त्यांनी विचारले नाही, तरी आपण दिवसभर काय काम करतो, किती तास आणि कसे बसतो, हे आधी सांगावे.