संत ज्यान्ना बेरेत्ता मोल्ला : वैद्य, पत्नी व माता

ज्युबिलीच्या या शुभप्रसंगी दिवा येथील आमच्या भाविकांपुढे ज्या संत स्त्रीचे चरित्र आम्ही ठेवीत आहो, त्या मठवासिनी नव्हत्या. वैद्यकी करीत, संसार चालवीत त्यांनी आपले पाचारण पूर्ण केले.

ज्यान्ना बेरेत्ता यांचा जन्म इटलीतील मिलान शहराजवळ मॅजेंटा गावी ४ ऑक्टोबर १९२२ रोजी झाला. तेरा भावंडांत त्या दहाव्या. १९४९ साली पाव्हिया विद्यापीठातून त्यांनी वैद्यक व शस्त्रक्रिया यांची पदवी मिळविली, १९५० साली मेसेरो गावी दवाखाना उघडला व १९५२ साली बालरोगांचे विशेष शिक्षण पुरे केले. माता, बालके, वृद्ध व गोरगरीब यांजकडे त्यांचे विशेष लक्ष असे. त्यांचे एक बंधू कॅपुचिन संघाचे धर्मगुरू असून ब्राझील देशात सेवा करीत. आपणही तेथे जावे, असे ज्यान्नांच्या मनात होते. परंतु विवाह हेच आपले पाचारण होय, असा त्यांचा निश्चय झाला. २४ सप्टेंबर १९५५ रोजी पिएत्रो मोल्ला नामक इंजिनिअरशी त्या विवाहबद्ध झाल्या. पुढील चार वर्षांत त्यांना तीन अपत्ये झाली.

१९६१ च्या सप्टेंबरात, चौथ्या खेपेस दुसरा महिना संपत आला असता, त्यांच्या गर्भाशयास मोठी गाठ असल्याचे आढळले. ती कर्करोगाची नव्हती, तथापि माता व बालक या दोघांसही तिजपासून धोका होता. गर्भपात करविणे त्यांच्या विवेकास मान्य नव्हते. दुसरा मार्ग रोगट गर्भाशय काढून टाकण्याचा. त्यात मूल दगावले असते. परंतु हेतू मुलास मारण्याचा नसून आजार दूर करण्याचा असल्यामुळे ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राने त्यास मनाई केली नव्हती. तिसरा मार्ग केवळ गाठ कापून काढण्याचा. त्यात मूल वाचण्याची आशा होती, पण मातेस पुढे जोखीम होती. स्वतः वैद्य असल्याने त्यांस हे सर्व ठाऊक होते. त्यांनी तिसरा मार्ग पत्करला. मोंझा येथील रुग्णालयात शस्त्रक्रिया यशस्वी झाली व गर्भ सुरक्षित राहिला.

प्रसूतीपूर्वी त्यांनी स्पष्ट सांगून ठेविले की, दोघांतून एकास निवडण्याची वेळ आल्यास मुलास वाचवावे. २१ एप्रिल १९६२ रोजी, पवित्र शनिवारी, शस्त्रक्रियेने कन्या जन्मली. त्यानंतर उदरात जंतुदोष पसरून तीव्र वेदनांत, २८ एप्रिल रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ज्यान्ना प्रभूघरी गेल्या. १६ मे २००४ रोजी परमपूज्य पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद दिले, तेव्हा वृद्ध पती व ती कन्या तेथे उपस्थित होती. ती कन्याही आईप्रमाणेच डॉक्टर झाली.

या चरित्राचा विपरीत अर्थ कोणी घेऊ नये. गरोदर स्त्रीने उपचार नाकारून मरावे, अशी शिकवण यात मुळीच नाही. ज्यान्नांनी शस्त्रक्रिया टाळली नाही. ती वेळीच करून घेतली. त्यांनी दिलेले दान त्यांचे स्वतःचे होते. ते दुसऱ्या मातेकडून मागण्याचा अधिकार पतीस नाही, सासूस नाही व आम्हा धर्मगुरूंसही नाही.

आतड्याचा कर्करोग गरोदरपणी क्वचित होतो. परंतु बद्धकोष्ठ, पोटदुखी व अशक्तपणा ही लक्षणे गरोदरपणाचीच समजून अंगावर काढिली जातात, व शौचावाटे जाणारे रक्त मूळव्याधीचे मानिले जाते. असे रक्त दिसताच डॉक्टरांस दाखवावे. आज पुष्कळ प्रसंगी गर्भ सुखरूप ठेवून रोगट आतडे काढता येते, व काही औषधे पहिले तीन महिने उलटल्यावर देता येतात. येथून लोकलने परळ गाठता येते. तेथील टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. भीतीने किंवा लाजेने दिवस दवडणे हे मातेसही घातक व बालकासही.

संत ज्यान्नांचा सण २८ एप्रिल रोजी येतो. त्या दिवशी मिस्साबलिदानात आपल्या धर्मग्रामातील गरोदर मातांचे, व त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे, अवश्य स्मरण करावे, ही आमची विनंती आहे.