गांधीजींच्या ताटातला पाला

आमच्या सिंदी (रेल्वे)च्या बाजारात मुळा घेताना अनेक जण त्याचा पाला तिथेच तोडून टाकतात. याच वर्धा जिल्ह्यात राहून गांधीजींनी असा पाला आवर्जून ताटात वाढून घेतला होता.

१८६९ मध्ये पोरबंदरला जन्मलेल्या गांधीजींना आहाराच्या प्रयोगांची गोडी लंडनमध्ये शिकताना लागली. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. १९१८ मध्ये आमांशाने ते फार खालावले आणि अखेर शेळीच्या दुधावर सावरले. १९२९ मध्ये त्यांनी पुन्हा न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, बदाम आणि वाटलेला हिरवा पाला, प्रत्येकी आठ तोळे, शिवाय लिंबू व मध. काही महिन्यांत पोट बिघडले, अशक्तपणा आला आणि पुन्हा शेळीचे दूध सुरू झाले.

कच्च्या पाल्याला मर्यादा का, हे पानाची रचना सांगते. पानातील प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिनची भिंत असते. सेल्युलोज तोडणारे विकर आपल्या शरीरात तयार होत नाही. शेळीच्या पोटातले सूक्ष्मजीव मात्र ते काम करतात. आपल्यासाठी ही भिंत म्हणजे चोथा. त्याने शौचाला साफ होते आणि मोठ्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंना खाद्य मिळते. पण पेशीतले कॅरोटीन मिळायचे तर भिंत फुटायला हवी. चावल्याने, वाटल्याने ती फुटते. शिजवल्यावर पेक्टिन विरघळून सैल पडते.

१९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी पुन्हा मुळा, गाजर, सलगम यांचा पाला खाऊन पाहिला, पण या वेळी रोजच्या जेवणासोबत, थोडा. गरिबाच्या ताटात फुकटात जीवनसत्त्वे यावीत, हा हेतू होता. ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर लिहिताना त्यांनी पालेभाजीचा आग्रह धरला. पण शाकाहारात दूध हवे, हेही मान्य केले. स्वतःच्या शरीराने दिलेला कौल त्यांनी नाकारला नाही. १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली.

बद्धकोष्ठ आणि मूळव्याधीचे रुग्ण मी रोज तपासतो. त्यांना माझे सांगणे एवढेच: मुळ्याचा पाला घरी न्या, स्वच्छ धुवा, बारीक चिरून थोड्या तेलावर परता आणि सावकाश चावून खा.