आशा धरायचीही भीती वाटते तेव्हा...

मैत्रिणींनो, आपल्याकडे मुलीला लहानपणापासून एक गोष्ट न सांगता शिकवली जाते. फार आशा ठेवू नये. स्थळ बघायला येणार असलं की आई म्हणते, आधीच मनात काही आणू नकोस. निकाल लागायचा असला की आजी म्हणते, पेढ्यांचं नाव काढू नका, दृष्ट लागेल. यात माया असते, हे खरंच. पण हळूहळू होतं असं, की निराशा नको म्हणून आपण आशेलाच दाराबाहेर उभं करतो.

एकल महिलांसाठी आम्ही काही जणी तालुक्यात काम करतो. तिथं हे मला सारखं दिसतं. बाई हुशार असते, हाताला काम हवं असतं, अर्जही घरात आणून ठेवलेला असतो. पण तो भरत नाही. मागच्या वेळी नाव लागलं नव्हतं, आता पुन्हा कशाला जिवाला घोर, असं म्हणते. अशा प्रत्येक वेळी मला बाया कर्वे आठवतात. महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया. महर्षींच्या सावलीत त्यांचं नाव थोडं मागे पडलं, म्हणून आज त्यांची गोष्ट.

त्यांचं माहेरचं नाव गोदूबाई जोशी. जन्म १८६५ चा, कोकणातल्या देवरुखचा. वयाच्या ८ व्या वर्षी लग्न झालं आणि ३ महिन्यांतच नवरा गेला. बाहुलीशी खेळायचं वय! नवरा म्हणजे काय हेच कळलं नव्हतं, तर त्याचं जाणं काय कळणार? पण समाजाच्या हिशेबानं तिचा संसार तिथंच संपला. पुढची वर्षं सासरी राबण्यात गेली. पहाटे उठायचं, घरातलं सगळं उरकायचं, सणावाराला, मंगलकार्याला मागे राहायचं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, म्हणजे गोदूचा जन्म व्हायच्याही आधी. पण कायदा सरकारी कागदावर आणि गोदू चुलीपुढं. त्या दोघांची गाठ कोण घालून देणार?

मला वाटतं, अशा आयुष्यात माणूस आशा सोडतो असं नाही, तर ती धरायचीच नसते हे अंगवळणी पडतं. आत दुखू नये म्हणून मन स्वतःच बधिर होतं. एक-दोन नाही, जवळजवळ १६ वर्षं हे चाललं.

मग त्यांचे भाऊ नरहरपंत यांनी त्यांना मुंबईला नेलं. ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि तिथं शिकायला आलेल्या पहिल्या विधवा म्हणजे गोदूबाई. वय २४ च्या घरात. जरा डोळ्यांपुढं आणा. ज्या वयात बरोबरीच्या मैत्रिणींच्या पोरी मोठ्या होत होत्या, त्या वयात ही बाई अक्षरं गिरवायला बसली. लोक हसतील, जमणार नाही, शिकून तरी काय उपयोग, हे सगळं मनात आलं नसेल का? तरी त्या बसल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हललं, तशा त्याही पुण्याला आल्या.

कर्वे हे नरहरपंतांचे मित्र. १८९१ मध्ये त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली, घरात लहान रघुनाथ होता. त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले. पुन्हा लग्न केलं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं होतं. गोदूबाईंच्या वडिलांशी बोलणं झालं. गोदूबाईंना विचारलं गेलं आणि त्यांनी हो म्हटलं.

ही 'हो' मला फार मोठी वाटते. कर्वे पुरुष होते, शिकलेले होते, नोकरी होती. त्यांनाही सोसावं लागणारच होतं, पण गोदूबाईंना एकदा दैवानं हातात दिलेलं काढून घेतलं होतं. पुन्हा हात पुढं करायला केवढं धैर्य लागलं असेल! ११ मार्च १८९३ ला पुण्यात लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

पुढं सगळं गोड झालं का? नाही हो. म्हणूनच ही गोष्ट खरी वाटते. कर्व्यांच्या मुरूड गावानं बहिष्कार घातला. या जोडप्याला जवळ करतील त्या घरच्यांनाही वाळीत टाकायचं, असं गावानं ठरवलं. सून म्हणून सासरचा उंबरा हक्कानं ओलांडायचा, एवढी साधी आशाही पुरी झाली नाही. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. घरची शिल्लक आणि विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. बाया चिडल्या, दुखावल्या. का नाही चिडणार? पोरंबाळं पदरात होती आणि उद्याची सोय हातातून गेली होती. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला गेला. पालकांनी विश्वासानं मुली पाठवाव्यात म्हणून तिथं पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, असं धोरण होतं. त्यामुळे पुनर्विवाह केलेल्या बायांना आश्रमापासून लांबच राहावं लागलं. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात, आणि त्या मात्र पुण्यात. कर्वे रोज चिखल तुडवत हिंगण्याला जायचे.

पण बाया नुसत्या कुढत बसल्या नाहीत. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं. अडलेल्या-नडलेल्यांना घरात ठेवून घेतलं. आणि ज्या आश्रमानं आधी दूर ठेवलं, त्याच्याचसाठी पुढं घरोघरी जाऊन वर्गणी गोळा केली. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेही त्यांनी पाहिलं. १९४४ मध्ये त्यांचं 'माझे पुराण' हे आत्मचरित्र निघालं. २४ व्या वर्षी पाटी हातात घेतलेल्या बाईचं पुस्तक! १९५० मध्ये त्या गेल्या.

या आयुष्याकडे पाहताना एक गोष्ट मला पटते. आशा धरली नाही म्हणून दुःख टळत नाही. ८ व्या वर्षी गोदूनं कसली आशा धरली होती? तरी व्हायचं ते झालंच. उलट आशा धरल्यावर जी दुःखं आली, ती त्यांनी पायावर उभं राहून झेलली. सगळ्या इच्छा पुऱ्या झाल्या नाहीत, पण ज्या पुऱ्या झाल्या त्या मनात आणल्याशिवाय झाल्या नसत्या.

आपल्याकडे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कायदा, ठराव हवेतच. पण बायांच्या वेळी जे झालं तेच आजही होऊ शकतं. कागद तिकडं आणि बाई चुलीपुढं. मधलं अंतर कोणीतरी चालावं लागतं. नरहरपंतांसारखा भाऊ चालला, रमाबाई चालल्या. मग गोदूबाई स्वतः चालल्या.

तेव्हा तुमच्या शेजारी, नात्यात अशी कोणी असेल तर तिला फार आशा ठेवू नकोस, असं सांगू नका. तिच्याबरोबर पंचायत समितीपर्यंत जा. रांगेत शेजारी उभ्या राहा. नाव लागलं नाही तर परत येताना सोबत चहा घ्या आणि पुढच्या वेळची तारीख विचारून ठेवा. निराशा वाटून घ्यायला कोणी असलं की आशेची भीती निम्मी होते. आणि अशी कोणी तुम्हीच असाल, तर तो घरात पडलेला अर्ज आज काढाच.