बेगम रुकय्या : शाळेतून वस्तीकडे



जी मुलगी शाळेच्या दारापर्यंत येऊच शकत नाही, तिच्यासाठी शिकलेल्यांनी काय करावे? हा प्रश्न तुम्हाला पडत असेल, तर बेगम रुकय्या सखावत हुसेन यांचे जीवन अवश्य जाणून घ्या.

त्यांचा जन्म १८८० मध्ये, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर भागातील पायराबंद गावी, जमीनदार घराण्यात झाला. मुलींनी बंगाली वा इंग्रजी शिकणे वडिलांना मान्य नव्हते. घर निजले की थोरले बंधू इब्राहिम साबेर मेणबत्तीच्या उजेडात त्यांना इंग्रजी शिकवीत. थोरली बहीण करीमुन्निसा हिने त्यांना बंगालीची गोडी लावली. पालकहो, घरातील एका भावाने साथ दिली म्हणजे काय घडू शकते, ते पुढे पाहा.

भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन मुली झाल्या, त्या तान्हेपणीच दगावल्या. १९०९ मध्ये पतीचेही निधन झाले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दहा हजार रुपये ठेवले होते. त्यातून त्याच वर्षी भागलपुरात पाच मुलींची शाळा निघाली. कौटुंबिक वादामुळे ते गाव सोडावे लागले, तेव्हा १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर पुन्हा श्रीगणेशा केला. बेगमसाहेबा घरोघर जाऊन पालकांची मनधरणी करीत. पडद्याच्या अतिरेकावर त्यांनी कठोर लेखन केले. तरी शाळा टिकावी म्हणून स्वतः पडदा पाळला आणि मुलींना बंद गाडीतून आणविले.

परंतु गोरगरिबांच्या बस्त्यांतील स्त्रियांचे काय? त्यांच्या दारी गाडी जात नव्हती. म्हणून १९१६ मध्ये त्यांनी ‘अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम’ ही स्त्रियांची संस्था काढली. संस्थेच्या भगिनी कलकत्त्याच्या झोपडपट्ट्यांत जाऊन बायकांना लिहावाचावयास शिकवीत, स्वच्छता व मुलांचे संगोपन समजावून सांगत. निराधार विधवांना पैशांची मदत, मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांना आसरा, गरीब मुलींच्या लग्नास हातभार, अशी कामे संस्थेने केली. पडद्यात वाढलेल्या सुखवस्तू घरच्या स्त्रियांनी बस्तीत पाऊल टाकणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. टीका झाली, निंदा झाली. काम थांबले नाही.

९ डिसेंबर १९३२ रोजी बेगमसाहेबा अल्लाला प्याऱ्या झाल्या. स्त्रियांच्या हक्कांवरील त्यांचा शेवटचा लेख अपुराच राहिला. त्यांची शाळा मात्र कोलकात्यात आजही सरकारी कन्याशाळा म्हणून चालू आहे.

विद्यार्थिनींनो, तुमच्या मोहल्ल्यातही अंगठा उठविणारी एखादी खाला असेल, शाळा सुटलेली एखादी मुलगी असेल. रोज अर्धा तास तिच्याजवळ पाटी घेऊन बसा. पालकहो, तुम्ही त्यांना अडवू नका. बेगमसाहेबांचा अपुरा लेख पुरा करण्याचा हाच मार्ग आहे.