केशवराव भोसले : गायक नट आणि मंडळीचालक

केशवराव भोसले यांचे नाव निघताच प्रथम आठवण होते ती त्यांच्या उंच पट्टीतील, दाणेदार तानांच्या गायकीची. नाट्यवाङ्मयाच्या दृष्टीने मात्र त्यांचा विचार केवळ गायक नट म्हणून करणे अपुरे ठरते.

९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या केशवरावांचे पितृछत्र लवकर हरपले आणि शाळेऐवजी स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीचे बिऱ्हाड त्यांच्या वाट्यास आले. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेने त्यांना बालवयातच कीर्ती दिली. असा गळा म्हणजे मालकाच्या लेखी मंडळीचे उत्पन्नच. त्या उत्पन्नावर गाणाऱ्या मुलाचा हक्क नसे. वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १ जानेवारी १९०८ रोजी, त्यांनी हुबळीस ललितकलादर्श मंडळी काढली, ती या पार्श्वभूमीवर.

मालक झाल्यावरही त्यांनी शिष्यत्व सोडले नाही. रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना लाभली, आणि मंडळीच्या नाटकांच्या चालीही बुवांकडून आल्या. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’मध्ये (१९१३) मृणालिनीची भूमिका त्यांनीच केली, पुढे ते पुरुषभूमिकांकडे वळले. स्त्रीभूमिकेने नाव मिळवलेल्या नटाने असे वळण घेणे धोक्याचेच होते. त्याहून मोठे धाडस नाट्यलेखकाच्या निवडीचे. हुंड्याच्या प्रश्नावरील ‘हाच मुलाचा बाप’ आणि धर्मांतराच्या प्रश्नावरील ‘संन्याशाचा संसार’ (१९१९) ही वरेरकरांची नाटके त्यांनी रंगभूमीवर आणली. पदांवर पोट असलेल्या मंडळीने समकालीन प्रश्नांना जागा द्यावी, ही गोष्ट गौण म्हणता येणार नाही. केशवरावांच्या तानांचे वर्णन करताना समीक्षकांनी तिची पुरेशी नोंद घेतलेली दिसत नाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाले. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. नाटक मूळचे किर्लोस्कर मंडळीचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. म्हणजे केशवराव प्रतिस्पर्ध्याच्या परिचित प्रांतात उतरले होते. त्या रात्री कोण सरस ठरले, हा वाद रसिकांत पुढे दीर्घकाळ चालला. तो निष्फळच होय, कारण दोन गायकींचे धर्मच भिन्न होते.

तीन महिनेही उलटले नव्हते तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवरावांचा अंत झाला. वय अवघे एकतीस. मंडळीची धुरा बापूराव पेंढारकरांनी उचलली, आणि १९२२ मध्ये वरेरकरांचेच ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आले.